तुझ्या फियाटचा पाचवा गिअर

प्रिय उमा,

उद्या सकाळी युसूफ मिस्त्रीला उत्तर द्यायचं आहे. मुदखेड रोडवरच्या त्याच्या गॅरेजात तुझी फियाट अजून उभी आहे, पोटात त्या लाल स्पोर्ट कारचा गिअरबॉक्स घेऊन. तिचा स्वतःचा जुना गिअरबॉक्स बाजूला गोणपाटावर पडला आहे. तो घ्यायला उद्या हैदराबादहून गिऱ्हाईक येतंय. "सरजी, एक तर नवा काढून जुना बसवतो, न्हाई तर जुना देऊन टाकतो. एकदा गेला की परत मिळायचा न्हाई. तुमी काय ते सांगा," युसूफ म्हणाला.

काय सांगू? तूच सांग ना!

आयुष्यभर मी गावोगाव लोकांना उत्तरं देत फिरलो. जातीचं उत्तर, धर्माचं उत्तर, हुंड्याचं उत्तर. आणि आज एका गिअरबॉक्सचं उत्तर मला येत नाही. म्हणून लिहायला बसलो. तुझ्या फोटोशी बोलून पाहिलं, पण तोंड उघडलं की माझ्या तोंडून भाषणच निघतं. माझ्या तोंडावरचा माझा विश्वास तुझ्या शोकसभेत उडाला, उमा.

तुला ते कुणी सांगितलं नसेल, मीच सांगतो. मंगल कार्यालय भरलं होतं. सगळे बोलून झाल्यावर मी उठलो. दोनच वाक्यं बोलायची असं ठरवून उठलो होतो. पण समोर माईक, समोर माणसं, आणि माझा आवाज आपोआप चढला. मी म्हणालो, "मला या व्यासपीठांवर आणून सोडणारी बाई गेली, पण तिनं मला कधी मागच्या सीटवर बसवलं नाही!" आणि टाळ्या पडल्या. तुझ्या शोकसभेत टाळ्या! त्याहून वाईट पुढंच आहे. टाळ्या पडल्याबरोबर मी सवयीनं तेच वाक्य पुन्हा म्हणालो. आणखी जोरात.

पहिल्या रांगेत नीला बसली होती. आपल्या लेकीनं माझ्याकडं असं बघितलं की मी माईक सोडून खाली आलो. त्यानंतर मी कुठंही बोललो नाही. औशाचं निमंत्रण आलं, उदगीरचं आलं, दोन्ही परत पाठवली.

टाळ्या पडल्या की मी वाक्य पुन्हा म्हणतो, हा माझा दोष जगात फक्त तुलाच ठाऊक होता. सभेहून परत निघालो की गाव ओलांडेपर्यंत तू गप्प बसायचीस. मग स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा खाली ओढत म्हणायचीस, "आज दोनदा केलंत."

"काय केलं?"

"तेच वाक्य. लोक बहिरे न्हाईत ओ."

मी चिडायचो, मग हसायचो, मग झोपायचो. फियाटचं ते पुढचं सलग बाकडं! दोन सीटा नाहीत, मध्ये दांडा नाही, काही नाही. नीला लहान होती तेव्हा मध्ये ती बसायची, ती मोठी झाली तेव्हा मी पसरलो. डोकं खिडकीला, गुडघे तुझ्या बाजूला. अहमदपूर कधी गेलं, लोहा कधी आलं, मला कधीच कळलं नाही. मला रस्ता ठाऊक नाही, उमा. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून गेलो आणि मला फक्त दोन टोकं ठाऊक आहेत. मधला सगळा रस्ता तुझा होता.

आणि ही गाडी घरात आली कशी, आठवतं? मी हुंड्याविरुद्ध शपथा देत फिरणारा तरुण. तुझे वडील लातूरचे मोठे व्यापारी, ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. लग्नात त्यांनी फियाटची किल्ली पुढं केली आणि मी मांडवातच छोटंसं भाषण ठोकलं. किल्ली परत. तुझ्या वडिलांचं तोंड एवढंसं झालं. पाहुणे म्हणाले, जावई लई कडक हाय.

मग पहिल्या सणाला तू माहेरी गेलीस आणि परत येताना एकटीच, स्वतः चालवत, लातूरहून नांदेडला फियाट घेऊन दारात उभी राहिलीस. मी बाहेर आलो तर काच खाली करून म्हणालीस, "हा हुंडा न्हाई. ही माझी गाडी हाय. मी चालवणार. बसायचं तर बसा, न्हाई तर एसटी हाय तुमची."

गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मी बसलो. दुसरं काय करणार होतो?

मग सांग, इतकी वर्षं ज्या गाडीनं आपला संसार ओढला, तिच्यात कमी काय होतं? कशाला तो परका गिअरबॉक्स शोधत गेलीस?

मला कारण ठाऊक आहे, तरी विचारतो. रस्ता मोठा झाला आणि फियाट छोटी पडली. चौथ्या गिअरमध्ये साठच्या पुढं गेलं की इंजिन ओरडायला लागायचं, आणि पाचवा गिअर तर तिला नव्हताच. मागून ट्रक हॉर्न मारायचे. त्या चाकूरच्या धाब्यावर पांढऱ्या मोठ्या गाडीतला पोरगा तुला म्हणाला, "काकू, ही म्युझियमला देऊन टाका ना!" तू चहा अर्धा टाकलास. मी समजूत घातली, "अगं, पोराच्या तोंडी काय लागायचं?" तू म्हणालीस, "त्याला न्हाई मी बोलत. मी गाडीला बोलते. तिला अजून एक गिअर पाहिजे."

शाळेत पोरांना गणित शिकवणारी बाई तू. गणित सुटत नाही म्हटलं की तुझी झोप उडायची. त्यातच युसूफच्या अंगणात ती लाल, दोन दारांची स्पोर्ट कार येऊन पडली. कुणा बड्या घरची, तळघरात पावसाचं पाणी शिरलं तेव्हा बुडालेली. इंजिन गेलेलं, आतलं सगळं कुजलेलं, गिअरबॉक्स मात्र धडधाकट. ती बघून आलीस तेव्हा तुझा चेहरा! नीलाच्या जन्मानंतर तुझा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

मी विरोध केला. माझा मुद्दा आजही मागं घेत नाही. वेगाचं वेड हा या काळाचा रोग आहे, हे मी शंभर सभांत सांगितलंय. मी म्हणालो, "साध्या माणसांची साधी गाडी आहे ही. तिच्या पोटात श्रीमंताच्या पोराचं काळीज कशाला?"

तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "स्टेजवर तर सांगता, लहान-मोठं कुणी नसतं. मग लहान गाडीला मोठ्या गाडीचा गिअर बसला तर तुमच्या पोटात का दुखून राहिलं?"

मराठवाड्यात भल्याभल्यांनी मला वादात गाठलं, पण पाडलं कुणी नाही. तू पिठाच्या हातानं पाडलंस!

मग तू रोज गॅरेजात. फियाटच्या इंजिनला त्या गिअरबॉक्सचे बोल्ट जुळेनात, म्हणून मध्ये एक जाड लोखंडी चकती लेथवर कातून घेतलीस. क्लच प्लेट दोनदा बदलली. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट लांब झाला, तो कापून आखूड केला. आणि एक दिवस मी सहज डोकावलो तर गाडीची जमीन फाडलेली! गिअरचा दांडा वर यावा म्हणून खालचा पत्रा कापला होता. माझं बाकडं उचलून भिंतीशी उभं केलं होतं. मी आतून तुटलो. वाटलं, झालं. आता स्पोर्ट कारसारख्या दोन वेगळ्या सीटा येणार, मध्ये दांडा येणार. इकडं तू, तिकडं मी.

उमा, आता माझं गाऱ्हाणं ऐक. हे मी तुला सोडणार नाही.

पोटातली गाठ कसली आहे हे तुला डॉक्टरांनी सांगितलं, ते तू माझ्यापासून लपवलंस. का? नवरा भाषण करील म्हणून? तू युसूफकडं गेलीस आणि त्याला म्हणालीस, "भाई, हात उचला. माझ्याकडं वेळ कमी हाय." त्या बिचाऱ्याला वाटलं, म्याडम कुठल्या तरी रेसमध्ये उतरणार आहेत! त्यानं ते कौतुकानं सगळ्या मुदखेड रोडला सांगितलं. "म्याडम रेसला चालल्या!" लोक मला विचारायचे आणि मी हसायचो. तुझा वेळ कमी आहे हे माझ्याआधी एका मिस्त्रीला ठाऊक होतं, आणि त्यालाही अर्थ ठाऊक नव्हता. हे मी कुणाला सांगू?

विश्रांतीचे दिवस तू लोखंडात घालवलेस. त्या महिन्यांत माझ्याजवळ बसली असतीस तर? नुसती बसली असतीस! मला त्या गिअरबॉक्सचा मत्सर वाटतो. हसू नकोस. खरंच वाटतो.

एका दुपारी मला म्हणालीस, "जरा दिवाणावर आडवे व्हा. गाडीत झोपता तसे." मी झालो. तू झाडूची दांडी माझ्या गुडघ्याजवळ उभी धरलीस, इकडं सरकवलीस, तिकडं सरकवलीस, दोरीनं काहीतरी मोजलंस. मी थट्टेनं विचारलं, "काय, माझ्या समाधीचं माप घेऊन राहिलीस का?"

तू हसलीस. मग दोरी गुंडाळत आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. मला तेव्हा कळायला हवं होतं ना?

आपल्या लिंगायतांत समाधीचा खड्डा गेलेल्या माणसाच्या पावलानं मोजतात. मी विधींवर आयुष्यभर कोरडे ओढले. पण त्या दिवशी जंगम स्वामींनी तुझ्या पावलाला दोरी लावली तेव्हा मी मुकाट उभा होतो. क्लच दाबणारं ते पाऊल! किती लहान होतं गं. आणि आपण माणसाला आडवं करत नाही, बसवून नेतो. तुला बसवलं. पाठ ताठ, मान सरळ. डाव्या हातात इष्टलिंग ठेवलं. मी त्या हाताकडं बघत राहिलो. या हातानं तू गिअर टाकायचीस. सगळे म्हणत होते, ध्यानाला बसल्यासारख्या दिसतात. मला तू तशी दिसली नाहीस. तू गाडीत बसल्यासारखी दिसत होतीस, आणि शेजारी जागाच नव्हती.

घरी येऊन मी पहिलं काम काय केलं? युसूफला फोन. "तो गिअरबॉक्स काढ. जुना बसव. पत्रा जोडून टाक. बाकडं होतं तिथं लाव. गाडी होती तशी मला पाहिजे." तो मात्र "आधी येऊन बघा" म्हणत टाळत राहिला.

नीला तेव्हापासून माझ्याशी भांडतेय. लातूरहून दर रविवारी येते, माझे डबेबिबे भरून ठेवते आणि भांडते. "अप्पा, आईनं शेवटी एकच गोष्ट स्वतःसाठी केली. ती तुम्ही उपटून टाकणार?"

"स्वतःसाठी केली, तेच तर दुखतंय मला," मी म्हणालो.

"म्हणजे गाडी तुमच्यासाठी होती का? आई ड्रायव्हर होती का तुमची?"

उमा, तुझी लेक आहे ती. टाळ्या पडायच्या आधीच वाक्य संपवते. मी म्हणालो, मला ती गाडी पाहिजे जिच्यात ती माझ्याशेजारी बसायची. नीला रडली. मग मीही. वरण उतू गेलं आणि दोघांपैकी कुणी उठलं नाही.

आज सकाळी मी युसूफकडं गेलो. खरं सांगतो, "काढ" असं तोंडावर सांगायलाच गेलो होतो. हैदराबादवाल्याला नाही म्हण, असं सांगायचं होतं.

युसूफ गाडीखालून सरपटत बाहेर आला. तुला ठाऊकच आहे, त्याचं तोंड कधी बंद नसतं. "आओ सरजी! आख्ख्या जिल्ह्यात असं काम दुसरा कुणी करून दाखवला तर मिशी काढतो. आधी बघून तरी घ्या, मग काढा म्हणा." आणि त्यानं दार उघडलं.

बाकडं जागेवर होतं. सलग. नवं कव्हर, तोच तपकिरी रंग. मी चक्रावलो. "दांडा कुठंय?"

"हा काय." दांडा पार पुढून, डॅशबोर्डच्या खालून वाकून वर आला होता. बाभळीची फांदी वाकते तसा वाकडा. स्टिअरिंगला जवळजवळ चिकटून.

"हा असा का रे?"

"तेच ना! मी म्याडमला सांगून सांगून थकलो. स्पोर्टचा दांडा मधोमध येतो, तिथंच ठेवा. बाकडं काढा, दोन सीटा टाकू, झकास दिसंल. तर म्हणाल्या, बाकड्याला हात लावायचा न्हाई. सर तिथं झोपतात." युसूफनं कपाळाला हात लावला, काळं लागलं. "पहिला दांडा बनवला, तो डॅशबोर्डला लागला. दुसरा बनवला, चांगला होता, म्याडम दोरी घेऊन आल्या, मोजलं, म्हणाल्या सरांच्या गुडघ्याला लागतो. काढा. सरजी, गुडघ्यासाठी चांगला दांडा मोडायला लावला! तिसरा हा. असा वाकडा दांडा दुनियेत कुठं नसंल. जरा जड चालतो. मी म्हणालो, म्याडम, तुमच्या हाताला त्रास व्हईल. म्हणाल्या, होऊ दे."

झाडूची दांडी. दोरी. माझे गुडघे.

मी बाकड्यावर बसलो. नाही, उमा, पसरलो. युसूफसमोर, त्याच्या गॅरेजात, धोतराचा काष्टा सावरत. गुडघे तुझ्या बाजूला घेतले. कुठंही काही लागलं नाही.

"म्याडमनी चालवली का ही?" मी विचारलं.

"रस्त्यावर न्हाई. त्यांना लई अशक्तपणा होता तवा. पण मी गाडी जॅकवर घेतली, चाकं हवेत. म्याडम आत बसल्या. स्टार्ट मारला. पहिला टाकला, दुसरा टाकला, तोंडानं म्हणतात, हे लोहा गेलं. तिसरा, चौथा. माळाकोळी गेली. मग पाचवा टाकला आणि सरजी, इंजिन एकदम शांत झालं. चाकं गरागरा फिरतात अन् आवाज न्हाई. म्याडमनी डोळे मिटले होते. म्हणाल्या, भाई, अहमदपूर आलं. अन् बंद केली."

"बंद का केली? लातूरपर्यंत का नाही गेली?"

"मी पण तेच विचारलो. म्हणाल्या, पुढचं सर बसल्यावर."

मी उठू शकलो नाही. युसूफला काय करावं कळेना. तो "चाय सांगतो" म्हणून निघून गेला. त्या बाकड्यावर मी तुझ्या जागेकडं तोंड करून पडून राहिलो आणि रडलो, उमा. माईक नव्हता. समोर कुणी नव्हतं. वाक्य पुन्हा म्हणायला वाक्यच नव्हतं.

तू मला सांगायला हवं होतंस. हे गाऱ्हाणं राहणारच. पण आता युसूफला काय सांगायचं ते मला कळलं आहे. जुना गिअरबॉक्स हैदराबादला जाऊ दे. गाडी होती तशी मला नको. तू ठेवून गेलीस तशी पाहिजे.

युसूफनं एक भीतीही सांगितली, तुझ्यापासून काही लपवत नाही. म्हणाला, फियाटच्या मागच्या चाकांचा ॲक्सल नाजूक, या गिअरबॉक्सचा जोर त्याला कदाचित झेपणार नाही. लातूरपर्यंत जाईल, पुढची गॅरंटी नाही. हे लिहिता लिहिता थांबून नीलाला फोन केला, तेव्हा तेही सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा, रविवारी मी चालवते. तुम्ही फक्त बसा."

तेव्हा हा माझा शब्द घे. मी पुष्कळ शपथा दिल्या-घेतल्या, त्या लोकांसमोर. ही फक्त तुला. रविवारी अहमदपूरच्या पुढचा रस्ता आपण पुरा करू, आणि मी तो उघड्या डोळ्यांनी बघेन. ॲक्सल मोडला तर रस्त्याच्या कडेला उभा राहीन, पण तुझा गिअरबॉक्स काढू देणार नाही. दुसरा ॲक्सल घालीन. तोही मोडला तर तिसरा. वेगाच्या विरोधात मी अजूनही आहे, आणि हा पाचवा गिअर माझ्या अंगात जीव आहे तोवर चालता ठेवणार आहे. विसंगत आहे ना? असू दे! आयुष्यात एकदा तरी मला वादात हरलेला राहू दे.

तुझा, आणि अजून शेजारच्याच जागेवरचा,
मन्मथ